भीमेकाठची सन्नती

सन्नतीची चंद्रलांबा परमेश्वरी ही आपल्यापैकी अनेक घराण्यांची कुलदेवता. घरात कार्य झाले की आपण चित्तापूर तालुक्यातल्या या गावी जातो, भीमेत पाय बुडवतो, देवीची ओटी भरतो आणि परततो. देवळाभोवतीच्या जमिनीत काय दडले आहे, याची चर्चा मात्र आपल्या घरांत क्वचितच होते.

१९८६ साली मंदिराच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळून मूर्ती भंगली. तेव्हा मूर्तीच्या पीठाच्या शिळेवर ब्राह्मी अक्षरे दिसली. ते सम्राट अशोकाचे लेख निघाले : बारावा, चौदावा आणि दोन स्वतंत्र लेख. हे स्वतंत्र लेख त्याआधी दूर ओडिशात, धौली व जौगड येथे सापडले होते. मूर्ती बसवण्यासाठी शिळेत मधोमध खाच पाडलेली होती. तेवढी अक्षरे कायमची गेली.

जवळच कनगनहळ्ळी आहे. तेथे १९९० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने उत्खनन करून एक महास्तूप उजेडात आणला. त्याच्या एका शिल्पपटावर राजा-राणी व सेविका आहेत आणि वर ‘राया असोको’ असे नाव कोरले आहे. दुसऱ्या पटांवर आपले पैठणचे सातवाहन भेटतात : सिमुक, महाचैत्याला चांदीची कमळे अर्पण करणारा सातकर्णी, आणि पुळुमावी. जुन्नरजवळच्या नाणेघाटातही सातवाहन कुळाच्या मूर्ती होत्या. तेथे नावे राहिली, मूर्ती नाहीशा झाल्या. त्या राजांच्या प्रतिमा नावानिशी पाहायच्या तर आपल्या भीमेकाठीच यावे लागते.

वस्तीचा माग याहूनही मागे जातो. सुरपूर भागातील हुणसगी खोऱ्यात (पूर्वीचा गुलबर्गा, आता यादगीर जिल्हा) पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी अनेक वर्षे संशोधन केले. तेथील इसामपूर येथे आदिमानव दगडी हत्यारे घडवीत असे. त्या स्थळाचे वय सुमारे १२ लाख वर्षे मोजले गेले आहे.

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न सीमाभागात आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागतो. राज्यांची आजची रेषा १९५६ ची. सन्नतीचे लेख प्राकृतात आहेत. तेव्हा भीमाशंकरहून पंढरपूरमार्गे येणाऱ्या या नदीवर कोणतीच रेषा नव्हती. म्हणून या दगडांवर एकट्याने हक्क सांगण्यात अर्थ नाही. ते राखण्याची जबाबदारी मात्र कानडी, मराठी, उर्दू बोलणाऱ्या सगळ्यांची आहे. शेतात, विहिरीच्या काठावर, जुन्या वाड्याच्या पायरीत कोरीव दगड दिसला, तर तो न हलवता, न घासता पुरातत्त्व खात्याला कळवावा. पुढच्या कुलदर्शनाला मुलांना घेऊन कनगनहळ्ळीलाही जावे.

आणि सन्नतीच्या शिळेवरील बाराव्या लेखाचा आशय त्यांना सांगावा : आपल्या पंथाच्या अभिमानापायी जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो.