आमिष

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. गुडघेदुखीचं कारण सांगता आलं असतं, पण गुडघ्याने कोणी लिहीत नाही, तेव्हा खरं कारण आळस हेच. आज लिहायला बसलोय ते एका तारेच्या डबीमुळे.

मध्यंतरी उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडला होतो. टेम्सच्या काठाने सकाळी फिरायला जायचा परिपाठ. बरोबर नातू, वय वर्षं आठ. तिथल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात गळ टाकून असले गोड्या पाण्यातले मासे धरायला बंदी असते, त्यामुळे जुलैत काठावर माणसंच माणसं. घडीच्या खुर्च्या, छत्र्या, थर्मास, आणि तोंडातून शब्द नाही. त्यातल्या माझ्याच वयाच्या एका गृहस्थांशी ओळख झाली. त्यांच्या हातात मुठीएवढी एक जाळीची डबी होती. खाली शिशाचं वजन लावलेली एक दांडी, आणि बाजूला बिजागरीचं झाकण. नातवाने बोट दाखवल्याबरोबर त्यांनी ती कौतुकाने उघडून दाखवली. आत वळवळणाऱ्या अळ्या भरल्या होत्या. मी दोन पावलं मागे सरलो, नातू दोन पावलं पुढे.

तर त्या डबीची गंमत अशी. आत खाद्य भरायचं, झाकण लावायचं आणि दोरीने ती पाण्यात सोडायची. उतरताना झाकण बंदच राहतं. दांडी तळाला टेकली की वर ढकलली जाते, खटका सुटतो, झाकण उघडतं आणि सगळं खाद्य तळाशी, एका जागी सांडतं. रिकामी डबी वर ओढून घ्यायची, पुन्हा भरायची, पुन्हा त्याच जागी सोडायची. असं सात-आठ वेळा केलं, की मगच गळ टाकायचा.

'मूठभर खाद्य नुसतं फेकलं तर काय बिघडतं?' असं मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. वाहत्या पाण्यात ते तळाला जाईपर्यंत कुठल्या कुठे जातं, आणि मधल्या मध्ये वरचे चिल्लीपिल्ली मासे फस्त करतात, असं ते म्हणाले. त्यांना हवा होता तळाशी चरणारा, मिशीवाला बार्बेल. हा मासा आपल्या महाशीरचा नातलगच. १८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीरचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्याने तो 'बार्बस' याच कुळात घातला होता. आता ते नाव बदललंय, पण मिश्या त्याच!

नातवाने मला मराठीत विचारलं, "आजोबा, मग ते आधी त्याला खायला देतात आणि नंतर ओढून काढतात? असं का?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मुलांच्या प्रश्नांना बगल द्यायचा छत्तीस वर्षांचा सराव आहे. पण या प्रश्नापुढे गप्प बसायला माझं एक खाजगी कारण होतं. ते शेवटी सांगतो. आधी इतिहास.

बी.ए.ला मराठी घेतलेल्यांना 'मानसोल्लास' हे नाव आठवत असेल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेला हा संस्कृत ग्रंथ. (कल्याणी म्हणजे आपलं ठाण्याजवळचं कल्याण नव्हे, बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण.) ११३० च्या आसपासचा ग्रंथ. पाच भाग, प्रत्येकात वीस, असे शंभर अध्याय. त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात असा उल्लेख आहे, आणि ओवीचा जुना पुरावा म्हणून तो आम्हाला परीक्षेला हमखास यायचा. आम्हीही तेवढाच पाठ केला आणि ग्रंथाला रामराम ठोकला.

निवृत्तीनंतर कळलं, की त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरण आहे. राजाने करमणूक म्हणून मासेमारी कशी करावी, याचं. पस्तीस प्रकारचे मासे त्यात दिले आहेत, समुद्रातले आणि नदीतले. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून अभ्यासकांचं लक्ष वेधलं. मला त्यात विशेष वाटलं ते हे, की राजा एकदम गळावर येत नाही. आधी माशांना खाऊ घालायची गोष्ट येते. कोणत्या माशाला काय आवडतं, ते कसं तयार करायचं. गळ आणि दोरी त्याच्या जोडीने. म्हणजे ज्या राजाने कांडणाऱ्या बायकांच्या ओव्यांची दखल घेतली, त्याने माशांच्या आवडीनिवडीचीही घेतली. फक्त हेतू वेगळा.

आता तिथून पाचशे वर्षं पुढे, इंग्लंडात. आयझॅक वॉल्टन हा लंडनचा कापडाचा व्यापारी. १५९३ चा जन्म. १६४९ साली पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. वॉल्टन राजाच्या बाजूचा, म्हणजे हरलेल्या पक्षाचा. आणि अशा दिवसांत, १६५३ साली, या माणसाने पुस्तक काढलं ते गळाने मासे धरण्यावर! 'द कम्प्लीट अँग्लर'. पुढे आयुष्यभर तो त्यात भर घालत राहिला आणि नव्वद वर्षं जगला. पुस्तक अजून छापलं जातं.

त्यात ब्रीम नावाच्या माशासाठी जी कृती दिली आहे ती एखाद्या सुगरणीने सांगावी तशी आहे. मोड आणून भरडलेले जव घ्या, उकळा, पिशवीतून गाळा, निवू द्या. मग रात्री आठ-नऊला नदीवर जा आणि ते दोन्ही हातांनी घट्ट दाबून गोळे टाका, म्हणजे ते न फुटता तळाला जातील. पाण्याला ओढ असेल तर थोडे वरच्या अंगाला टाका. नंतर घरी जाऊन झोपा आणि पहाटे तीन-चारला गळ घेऊन परत या. तळ्यातल्या कार्पसाठीही तो हेच सांगतो, की एक ठरावीक जागा धरा आणि तिथे खायला टाका.

मंडळी, ती तारेची डबी म्हणजे दुसरं काय? वॉल्टनने दाबलेली मूठच ती, फक्त नदीच्या तळाशी जाऊन उघडणारी. माणसाचा हात पोचत नाही तिथे खटका पोचतो, एवढाच फरक. विसाव्या शतकात तिची भावंडंही निघाली. भोकाभोकांची प्लास्टिकची नळी गळाच्या दोरीलाच अडकवतात, म्हणजे गळाच्या शेजारीच खाद्य सांडत राहतं. पाण्यात विरघळणाऱ्या पिशव्याही आहेत, त्या तळाशी जाऊन नाहीशा होतात आणि खाद्याचा ढीग तेवढा उरतो. यात एक दुःखाची गोष्ट अशी, की काठावर सांडलेले शिशाचे मणी दाणे दळायच्या खड्यांबरोबर हंस गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. म्हणून १९८७ पासून तिथे गळाच्या बहुतेक लहान शिशांवर बंदी आली. आमिष एकासाठी टाकलेलं असतं, गिळतो कोणी दुसराच.

आता माशाच्या बाजूने पाहू. १९७० च्या सुमारास बेउकेमा नावाच्या डच शास्त्रज्ञाने कार्प माशांवर प्रयोग केले. एकदाच गळाला लागून सुटलेला कार्प पुढे वर्षभर सहसा पुन्हा गळाला लागत नाही, असं त्याला दिसलं. एक अनुभव पुरेसा झाला. वर्गात तेच गणित सात वेळा सांगणाऱ्या मला हे वाचून माशांबद्दल फारच आदर वाटला.

आणि 'क्लॅरिसा' नावाची एक कार्प. १९५२ साली रिचर्ड वॉकर यांनी तिला पकडलं तेव्हा तिचं वजन ४४ पौंड, म्हणजे जवळजवळ वीस किलो भरलं होतं. गळाला काय लावलं होतं? पाव! तिला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेलं, आणि १९७१ पर्यंत ती तिथे काचेआड जगली. एका घासाची किंमत एकोणीस वर्षं.

असो. आता ते खाजगी कारण.

आमचं गाव कृष्णाकाठचं. माझी आजी रोज रामनाम लिहायची. कागदाच्या बारीक चिठ्ठ्या करून, प्रत्येकीवर 'राम' लिहून, एकेक चिठ्ठी कणकेच्या गोळीत घालायची आणि सकाळी घाटावर जाऊन त्या गोळ्या माशांना घालायची. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हे असेल. आजीची पायरी ठरलेली, वेळ ठरलेली. पायरीवर बसली की पितळी वाटी ती दगडावर दोनदा टक् टक् वाजवायची आणि पाणी काळं व्हायचं, इतके मासे. काही तर तिच्या बोटांना तोंड लावायचे. वाटी धरायचा मान माझा.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. शेजारच्या वाड्यातला एक मुलगा माझ्याहून मोठा, मला पोहायला शिकवणारा, म्हणून माझा देवच. त्याच्याकडे गळ होता, पण आमच्या घाटावर त्याला कधी मासा मिळायचा नाही. त्याच्या डोळ्यांत भरायचं म्हणून मी एका संध्याकाळी ती वाटी घरातून पळवली. उरलेली कणीक घेतली. आजीच्याच पायरीवर बसलो आणि वाटी दोनदा वाजवली.

मासे आले. संध्याकाळची वेळ नव्हती त्यांची, तरी आले. मी गोळ्या टाकल्या, त्याने गळाला कणीक लावली. हातभर लांबीचा मासा लागला. तो पायरीवर आपटत होता आणि माझ्या हातात वाटी होती, एवढं अजून डोळ्यांपुढे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने वाटी वाजवली. पाणी हललं नाही. तिने पुन्हा वाजवली. गोळ्या टाकल्या, त्या बुडाल्या. बराच वेळ बसून ती म्हणाली, "आज भूक नाही वाटतं त्यांना." आणि उठली. आठ-दहा दिवसांनी मासे पुन्हा येऊ लागले, पण चार हात लांब. तिच्या बोटांपर्यंत पुन्हा आल्याचं मला आठवत नाही. तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी सांगितलं नाही. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होतो, तोवर सांगायला दहा वर्षं तरी होती.

आता टेम्सवरची डबी आठवली की मला वाटतं, राजाची कृती, वॉल्टनचे गोळे, खटक्याची डबी, या सगळ्यांना एकच गोष्ट साधायची असते. इथे रोज मिळतं, इथे भीती नाही, असं माशाला वाटायला लावायचं. माझ्या मित्राला ते करावंच लागलं नाही. आजीने कित्येक वर्षं ते करून ठेवलं होतं, कसलाही हेतू न धरता. डबीचा खटका तेवढा मी झालो.

संस्कृतात 'आमिष' म्हणजे मूळ मांस. म्हणून तर निरामिष. त्याचा भुलवण असा अर्थ पुढे रुळला, आणि आता निवडणुकीच्या बातम्यांतच तो शब्द जास्त भेटतो. वर्गात ही व्युत्पत्ती मी किती वर्षं सांगितली! वाटीची गोष्ट मात्र एकदाही नाही.

महाड तालुक्यात वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले महाशीर देवीचे मानतात, त्यांना कोणी धरत नाही, लोक नुसते खायला घालतात. यंदा पाऊस सरला की नातू इकडे येणार आहे, त्याला घेऊन जायचा विचार आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथे बसून देईन म्हणतो. वाटीची गोष्टही सांगेन. तो वाचायच्या आत सांगायला हवी, कारण त्याची आई हे वाचतेच.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी रामनामाच्या गोळ्या असतील तर जरूर कळवा. कुठल्या नदीवर, कुठल्या घाटावर, तेही लिहा.

चू. भू. द्या. घ्या.