रोटरी इंजिन : कॉम्प्रेशन चाचणी व अश्वशक्ती

रोटरी (वांकेल) इंजिनाच्या कक्षांत कोंडलेल्या हवेचा दाब स्टार्टरच्या वेगावर मोजण्याची चाचणी. या आकड्यांवरून सीलची अवस्था समजते. त्यांतून अश्वशक्ती काढण्याचे सूत्र मात्र अस्तित्वात नाही. जुनी गाडी घेणारे आणि विकणारे दोघेही इथेच फसतात.

फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन 1957 मध्ये जर्मनीत एनएसयू कंपनीत चालले. पुढे माझ्दाने 1967 च्या कॉस्मो स्पोर्टपासून हा प्रकार नेटाने चालवला. ही चाचणी आज मुख्यतः माझ्दाच्या आरएक्स-7 व आरएक्स-8 मधील 13बी कुळातल्या इंजिनांवर होते.

त्रिकोणी रोटरला तीन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूचा कक्ष वेगळा. पिस्टन इंजिनाचे साधे गेज लावले, तर त्यातील झडप सर्वांत मोठा दाब धरून ठेवते. उरलेल्या दोन बाजू खराब असल्या तरी कळत नाही. म्हणून रोटरीसाठी तिन्ही बाजूंचे दाब आणि फेरे प्रति मिनिट (आरपीएम) वेगळे दाखवणारे उपकरण लागते. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण भरलेली, इंधन व ठिणगी बंद, एक प्लग काढलेला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत काही सेकंद स्टार्टर फिरवतात. आरएक्स-8 च्या रेनेसिस इंजिनासाठी 250 आरपीएमला प्रमाण दाब 830 किलोपास्कल (सुमारे 120 पीएसआय) आणि किमान 680 किलोपास्कल (सुमारे 99 पीएसआय) धरतात. एकाच रोटरच्या बाजूंत 150 आणि दोन रोटरांत 100 किलोपास्कलपर्यंत फरक चालतो. स्टार्टर जोरात फिरला की आकडा वाढतो, बॅटरी उतरली की घटतो. समुद्रसपाटीपासून उंच गावी हवाच विरळ, त्यामुळे तिथेही तो कमी येतो. आरपीएम न लिहिलेला आकडा त्यामुळे निरुपयोगी समजावा.

आकड्यांचा आपसातला मेळ एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगतो. टोकावरचे एपेक्स सील दोन शेजारच्या कक्षांना सामाईक असते. ते तुटले की दोन बाजू एकदम पडतात आणि तिसरी बरी राहते. एकच बाजू कमी असेल तर संशय साइड सीलवर जातो. काजळी साचून ते खाचेत अडकलेलेही असू शकते. तिन्ही बाजू सारख्याच खाली आल्या असतील तर ती सर्वसाधारण झीज. प्लग ओले होऊन पेट्रोलने तेलाचा थर धुऊन गेला असेल, तर चांगल्या इंजिनाचाही दाब तात्पुरता पडतो.

अश्वशक्तीशी नाते सैल का, याचे उत्तर वेळेत आहे. कक्षाची एक क्रिया मुख्य दांड्याच्या पाऊण फेऱ्यात होते. 250 आरपीएमला तिला 0.18 सेकंद मिळतो. रेनेसिस जिथे सर्वाधिक शक्ती देते त्या 8,500 आरपीएमला अवघा 0.005 सेकंद. गळतीला मिळणारा वेळ 34 पटींनी घटतो. शिवाय केंद्रोत्सारी बल आणि वायूचा दाब सीलला भिंतीवर दाबून धरतात. म्हणून कॉम्प्रेशन उतरलेली गाडी आधी गरम असताना स्टार्ट व्हायला त्रास देते, आयडलला थरथरते, खालच्या वेगात पिकअप देत नाही. वरच्या वेगातली शक्ती त्या मानाने बरीच टिकते. डायनोवर (शक्ती मोजण्याच्या यंत्रावर) आकडा ठीक येतो आणि सिग्नलला गाडी बंद पडते, ती यामुळेच. तुटलेल्या सीलची गोष्ट वेगळी: तिथे शक्ती सर्वच वेगांत कोसळते.

दोन वेगळ्या इंजिनांचे आकडे एकमेकांशी ताडण्यातही अर्थ नाही. आरएक्स-7 मधील टर्बो असलेल्या 13बी-आरईडब्ल्यूचे कॉम्प्रेशन गुणोत्तर 9, रेनेसिसचे 10. तरी जपानी बाजारातल्या शेवटच्या आरएक्स-7 ची नोंदलेली शक्ती 280 पीएस, तर आरएक्स-8 ची 250 पीएस. जास्तीची शक्ती टर्बोने कोंबलेल्या हवेतून येते, आणि स्टार्टरवर फिरताना टर्बो काहीच करत नाही. उलट कॉम्प्रेशन उत्तम असूनही शक्ती कमी असेल, तर दमलेल्या इग्निशन कॉइल, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा अडकलेल्या इनटेक झडपा आधी तपासाव्यात. त्यासाठी इंजिन उतरवण्याची घाई करू नये.

भारतात रोटरी मोटारी विरळा. मात्र निशांत या वैमानिकरहित विमानासाठी 55 अश्वशक्तीचे वांकेल इंजिन देशात तयार झाले. त्या कामात बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेबरोबर अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) वाहन संशोधन व विकास संस्थेचा सहभाग होता.

जुनी रोटरी गाडी घेणाऱ्याने दोन्ही रोटरांचे मिळून सहा आकडे, आरपीएम आणि गावाची उंची लेखी मागावी, आणि शक्तीची खात्री डायनोवर स्वतंत्रपणे करून घ्यावी.