नाडी की श्वास? : निजामी राज्यातील एक जुना वाद



आपल्या मराठीत 'भूल' म्हणजे चूकही होते आणि शस्त्रक्रियेपूर्वीची गुंगीही. घरातील वृद्ध माणसाचा खुब्याचा सांधा बदलावयाचा ठरला आणि उमरगा-भूमकडची मंडळी त्याला घेऊन सोलापूरला किंवा लातूरला निघाली, म्हणजे मनात दोन्ही अर्थ एकदमच घर करतात. पूर्ण भूल द्यावी, की कमरेत टोचून खालचा भाग तेवढा बधिर करावा, हा प्रश्न निघतो आणि मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. भूल कोणती सुरक्षित, हा वाद मात्र आपल्या या मुलखाच्या जुन्या राज्याला नवा नाही.

१८८८ साली आपला जिल्हा नळदुर्ग जिल्हा म्हणून निजामाच्या राज्यात होता. गादीवर मीर महबूब अली खान. हैदराबादेस रेसिडेन्सीचे सर्जन होते एडवर्ड लॉरी, एडिंबरोच्या साइमच्या परंपरेतले. क्लोरोफॉर्म १८४७ साली सिम्प्सनने प्रचारात आणले आणि पुढच्याच जानेवारीत इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या क्षुल्लक शस्त्रक्रियेत दगावली. तेव्हापासून दोन पंथ पडले. लंडनचे म्हणत, हृदयच अकस्मात बंद पडते, नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोचे म्हणत, आधी श्वास थांबतो, नजर तेथे ठेवा.

लॉरींनी कमिशन नेमवून कुत्र्यांवर प्रयोग केले व एडिंबरोचा पक्ष खरा ठरविला. लंडनच्या 'लॅन्सेट' पत्राने शंका घेतली. तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि सांगितले, तुमचाच माणूस पाठवा! १८८९ च्या अखेरीस लॉडर ब्रंटन आले. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले (मुक्या जीवांची ही किंमत विसरता कामा नये) आणि शंका घेऊन आलेले ब्रंटन लॉरींच्याच बाजूस गेले. हृदयाला क्लोरोफॉर्मपासून थेट भय नाही, असा निकाल जगभर छापून आला. त्याच हैदराबादेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी पुढे अनेक वर्षे तेथील रुग्णालयांत भूल देत होत्या. जगातील आद्य स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

आणि निकाल चुकला होता. १९११ साली लिव्ही यांनी दाखविले की, हलक्या, अर्धवट गुंगीत क्लोरोफॉर्ममुळे हृदय थरथरून क्षणात थांबू शकते. कमिशनने पाहिले ते खोटे नव्हते; अति मात्रेने श्वास आधी थांबतो हे खरेच. पण मरणाची दुसरीही वाट होती आणि ती त्यांच्या नजरेस पडली नाही.

दरम्यान १८९८ साली जर्मनीत कील येथे ऑगस्ट बिअर यांनी कण्यातील पाण्यात कोकेन सोडून पाय बधिर केले. मग आपल्या सहायकालाही तसेच टोचून त्याच्या नडगीवर हातोडा मारून पाहिला! दोघांचीही डोकी नंतर कित्येक दिवस दुखली. आजच्या बारीक सुयांनी ते दुखणे पुष्कळ कमी झाले आहे. टोचल्यामुळे कंबर जन्मभर धरते, हा समज मात्र आपल्याकडे घरोघर आहे. त्याला आधार मिळालेला नाही.

खुब्याचा सांधा बदलण्याचे आजचे रूप जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडात स्थिर केले. मग कोणती भूल बरी? अमेरिका व कॅनडात खुबा मोडलेल्या पन्नाशीपुढील १,६०० रुग्णांवर झालेल्या तुलनेचा निकाल २०२१ मध्ये आला. साठ दिवसांनंतर मृत्यू पावलेले किंवा आधाराविना अथवा काठी-वॉकरनेही चालू न शकणारे, कमरेतून भूल दिलेल्यांत शेकडा १८.५ आणि पूर्ण भुलीत १८.० निघाले. म्हणजे फरक नाहीच म्हणा. हे मोडलेल्या खुब्याचे झाले. ठरवून सांधा बदलताना पुष्कळ तज्ज्ञ कमरेतील भूल पसंत करतात. पण तिने रक्तदाब उतरतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हृदयाची झडप फार आकसली असेल, तर ती बहुधा टाळतात. तेव्हा डॉक्टरांस आधी गोळ्यांची पिशवी दाखवावी, मग भुलीचे विचारावे.

आणि नाडी की श्वास? शस्त्रक्रियेच्या टेबलावर आता रुग्णाच्या बोटाला एक चिमटा लावतात. जपानच्या आओयागींनी १९७४ च्या सुमारास शोधलेल्या युक्तीवर तो चालतो. त्यात नाडीही दिसते आणि रक्तातला प्राणवायूही.