दुसरी वाट

गोदावरीच्या उत्तर तीरावरील बासर हे सरस्वतीचे क्षेत्र. मूल शिकण्याच्या वयाचे झाले म्हणजे त्यास येथे आणून अक्षराभ्यास करवावा, ही चाल तेलंगणात आहे तशी शेजारच्या नांदेड जिल्ह्यातही आहे. १९५६ पर्यंत बासर आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढे सीमा बदलल्या. २०१६ साली बासर आदिलाबाद जिल्ह्यातून निघून निर्मल जिल्ह्यात गेले. यात्रेकरूंची वाट मात्र बदलली नाही. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग धर्माबाद सोडल्यावर बासरला येतो आणि गोदावरी ओलांडून निजामाबादेकडे जातो. रेल्वेचा पूल वेगळा, सडकेचा पूल वेगळा. एक बंद पडल्यास दुसऱ्याचा आधार असतो, हे नदीकाठच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

याच बासरला २००८ साली राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचे निवासी विद्यालय सुरू झाले. खेड्यापाड्यांतील हुशार मुलामुलींना दहावीनंतर येथे आणावे, प्रत्येकाच्या हाती संगणक द्यावा आणि त्याच्या साहाय्याने त्यांस शिकवावे, अशी ही योजना. योगायोग असा की, संगणकांना जगाशी जोडणारे धागे किती नाजूक आहेत, याची प्रचीती हिंदुस्थानास त्याच वर्षाच्या आरंभी आली. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदराजवळ समुद्राच्या तळाशी असलेल्या दोन केबली तुटल्या. एकीचे नाव ‘फ्लॅग’, दुसरीचे ‘सी-मी-वी ४’. दोन्ही मुंबईला युरोपाशी जोडणाऱ्या. देशाची इंटरनेटची क्षमता निम्म्याच्या आसपास घटल्याचे त्या वेळी सेवादारांच्या संघटनेने सांगितले. केबली दोन होत्या, मालकही निराळे होते. मग एकाच दिवशी दोन्ही कशा गेल्या? या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

मुंबई व लंडन यांमध्ये तारेने बोलावे, ही इच्छा १८५७ नंतर राज्यकर्त्यांस फार निकडीची वाटू लागली. सुएझहून लाल समुद्रातून एडन व पुढे कराची, अशी एक केबल १८६० पर्यंत टाकण्यात आली. परंतु ती सलग अशी कधी चाललीच नाही. कंपनीच्या भांडवलावर सरकारने व्याजाची हमी दिली असल्यामुळे त्या मृत तारेपायी सालीना ३६,००० पौंड पन्नास वर्षे भरण्याचे ओझे मात्र राहिले. त्यानंतर इराणच्या आखातातून केबल टाकून ती तुर्कस्तानच्या तारांस जोडण्यात आली आणि १८६५ मध्ये हिंदुस्थान युरोपाशी एकदाचा जोडला गेला. वाट मिळाली खरी, पण ती एकच. वाटेतील तारमास्तरांस इंग्रजीचा गंध नसे. संदेश कित्येक दिवसांनी पोहोचत, आणि पोहोचत ते अनेकदा इतके विकृत होऊन की, व्यापाऱ्याने ते वाचून डोक्याला हात लावावा.

१८७० हे साल या इतिहासात विशेष मोलाचे आहे. सीमेन्स बंधूंनी प्रशिया, रशिया व इराण यांमधून लंडन ते तेहरान अशी तार उभी केली आणि ती पुढे हिंदुस्थानच्या मार्गास जोडली. त्याच वर्षी ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने फेब्रुवारीत मुंबईहून निघून एडनपर्यंत केबल अंथरली. २३ जून रोजी लंडनमध्ये या सागरी मार्गाचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. यानंतर जेमतेम आठवडा लोटला असेल, तोच जुलैच्या आरंभी काळ्या समुद्राच्या काठी भूकंप होऊन सीमेन्स मार्गावरील तेथील केबल निकामी झाली. एक वाट पडली. परंतु मुंबई मुकी झाली नाही, कारण दुसरी वाट सर्वस्वी निराळ्या भूमीवरून व निराळ्या पाण्यातून जात होती. १९१४ च्या महायुद्धाने जर्मनीतून जाणारी ती तार बंद केली, तेव्हाही सागरी मार्गानेच काम भागविले.

पुढे साधनेच बदलली. १९२७ साली खडकी व दौंड येथील केंद्रांतून बिनतारी संदेश थेट इंग्लंडला जाऊ-येऊ लागले. १९७१ साली पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले. समुद्रतळ, हवा आणि अंतराळ अशा तीन भिन्न वाटा झाल्या. एकीवरील संकट दुसरीवर येऊ नये, असाच हा संसार होता.

हा तोल बिघडला तो काचतंतूंच्या वैभवाने. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनतेस इंटरनेट खुले केले. १९९७ साली ‘फ्लॅग’ केबल मुंबईस आली. केसाएवढ्या काचतंतूतून प्रकाशाच्या रूपाने जी माहिती वाहते, तिच्यापुढे उपग्रहाची क्षमता म्हणजे नदीपुढे पखाल. संकटकाळी पखालीने गावाची तहान भागावी कशी? म्हणजे दुसरी वाट केवळ असून चालत नाही. पहिलीचा भार पेलण्याइतकी ती रुंदही लागते. आणि काचतंतूच्या केबली स्वस्त व सोयीच्या मार्गाने टाकता-टाकता बहुतेक सर्व लाल समुद्र व ईजिप्त यांच्या त्याच १८७० च्या चिंचोळ्या गल्लीतून गेल्या. २००८ च्या प्रश्नाचे उत्तर हेच. मालक दोन होते, गल्ली एक होती. ज्या सेवादारांनी चेन्नईहून सिंगापूरमार्गे पॅसिफिक महासागराकडे जाणारी पूर्वेची क्षमता आधीच घेऊन ठेवली होती, त्यांची वाहतूक उलट्या दिशेने का होईना, चालू राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लाल समुद्रात पुन्हा तीन केबली तुटल्या, तेव्हा हाच धडा नव्याने गिरवावा लागला.

आज इतरांची संकेतस्थळे व दप्तरे सांभाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांस हा धडा रोज उपयोगी पडतो. मुंबईस सागरी केबली उतरतात, म्हणून ऐरोली, महापे या नवी मुंबईच्या भागांत अशी मोठी संगणकगृहे उभी राहिली आहेत. तेथे वीज दोन बाजूंनी घेतात, वर डिझेलची जनित्रे ठेवतात आणि इंटरनेटची जोडणी दोन किंवा अधिक कंपन्यांकडून घेतात. ‘या गृहाकडे येण्याची वाट आमच्याकडून आहे’ असे प्रत्येक कंपनीची यंत्रे इतर यंत्रांस सतत कळवीत असतात. एक आवाज थांबला की जगातील यंत्रे ती वाट आपल्या यादीतून काढून दुसरी धरतात. माणसाने उठून काही करावे लागत नाही. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी १९६४ साली असे गणित मांडले होते की, जाळ्यातील प्रत्येक गाठीस जेमतेम लागतात त्याच्या तीन-चार पट दुवे दिले, तर पुष्कळ गाठी नष्ट होऊनही उरलेले जाळे बोलत राहते.

तथापि यंत्र खोदकामापुढे हतबल आहे. दोन कंपन्यांचे काचतंतू रस्त्याच्या एकाच चरातून येऊन इमारतीत एकाच छिद्रातून शिरत असतील, तर एका कुदळीचा घाव दोहोंस पुरतो. देयके दोन येतात, वाट मात्र एकच असते. म्हणून जाणता ग्राहक कंपन्यांची संख्या विचारून थांबत नाही. तो नकाशा मागतो, तंतू कोणत्या रस्त्याने येतो व कोणता पूल ओलांडतो, हे पाहतो. शिवाय महिन्या-दोन महिन्यांनी एक जोडणी स्वतःच बंद करून दुसरी खरोखर भार घेते की नाही, याची परीक्षा घेतो. न वापरलेल्या वाटेवर गवत उगवते, हे यंत्रांसही लागू आहे.

दुसऱ्या वाटेचा खर्च सुखाच्या दिवसांत उधळपट्टी वाटतो. तो टाळावा असा मोह महानगरातील कंपनीस होतो. मग दूरच्या गावास तर दुसरी वाट देण्याचा विचार सर्वांत शेवटी सुचावा, यात नवल नाही. परंतु परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीची रक्कम, रुग्णाचे कागद ही सारी आता या तंतूंवरून जातात. मुंबईतील कंपनीची वाट तुटली तर तिचे नुकसान रुपयांत मोजता येते. शेतकऱ्याच्या मुलीचा अर्ज मुदतीत पोहोचला नाही, तर तिचे वर्ष जाते. बासरला पाटीवर पहिले अक्षर काढणारे मूल उद्या याच तंतूंच्या भरवशावर शिकणार आहे. नदीवर दुसरा पूल बांधताना जो हिशेब केला जातो, तोच या अदृश्य पुलांच्या बाबतीतही केला पाहिजे, आणि तो पहिला पूल पडण्यापूर्वी केला पाहिजे.