रद्द झालेले प्रांत आणि एक लाकडी ढाल

न्यूझीलंडचे प्रांत १ नोव्हेंबर १८७६ रोजी कायद्याने संपले. १८५२च्या घटना कायद्याने या वसाहतीचे आधी सहा प्रांत पाडले होते : ऑकलंड, न्यू प्लिमथ, वेलिंग्टन, नेल्सन, कँटरबरी आणि ओटागो. पुढे हॉक्स बे, मार्लबरो, साउथलंड यांची भर पडली. प्रत्येक प्रांताला स्वतःचे मंडळ होते, निवडून दिलेला सुपरिंटेंडंट होता आणि स्वतःचे कर्जही होते. कँटरबरीने रेल्वेचे रूळ एका रुंदीचे टाकले, साउथलंडने दुसऱ्या रुंदीचे. शेवटी मध्यवर्ती सरकारने हा कारभार गुंडाळला. त्यानंतर दीडशे वर्षांत तिथे प्रांतिक सरकार पुन्हा आले नाही.

आणि तरीही त्या देशात राहायला गेलेल्या माणसाला कुणीतरी लवकरच विचारते, ‘तुमचा प्रांत कुठला?’ हा प्रश्न सरकारी नसतो, तो रग्बीचा असतो. रद्द झालेल्या प्रांतांच्या दोनच खुणा रोजच्या जगण्यात उरल्या आहेत. एक, दर प्रांताची वेगळी वर्धापनदिनाची सुट्टी. ऑकलंडची जानेवारीच्या शेवटी, तर कँटरबरीची नोव्हेंबरात. दुसरी खूण म्हणजे पंधरा खेळाडूंची रग्बी.

मी ऑकलंड शहराच्या दक्षिण टोकाला, पापाकुरात राहत होतो. पत्त्यात ऑकलंड होते, पण रग्बीच्या नकाशावर ते ऑकलंड नव्हतेच. तो मुलूख कौंटीज मनुकाऊ संघाचा आणि त्याचे घरचे मैदान आणखी दक्षिणेला, कांदे-बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पुकेकोहे गावात. २०१३चा हंगाम मी या संघाचा पाठीराखा म्हणून पहिल्या सामन्यापासून शेवटापर्यंत पाहिला. त्या हंगामात जे घडले ते समजण्यासाठी मला इतिहासाची पाने उलटावी लागली. हा लेख त्यातून निघाला आहे.

आधी क्रम लक्षात घ्यावा लागतो. न्यूझीलंडमधला रग्बीचा पहिला सामना १४ मे १८७० रोजी नेल्सनमध्ये झाला. इंग्लंडच्या शाळेत हा खेळ शिकून परतलेल्या चार्ल्स मन्रो या तरुणाने तो तिथे आणला. कँटरबरी आणि वेलिंग्टन या पहिल्या प्रांतिक रग्बी संघटना स्थापन झाल्या १८७९मध्ये, म्हणजे प्रांत रद्द झाल्यावर तीन वर्षांनी. राष्ट्रीय संघटना आली त्याहून उशिरा, १८९२मध्ये. तेव्हाही कँटरबरी, ओटागो आणि साउथलंड या दक्षिणेकडच्या तीन प्रांतांनी काही वर्षे तिच्यात सामील व्हायला नकार दिला. संसदेत हरलेली प्रांतिक अस्मिता खेळाच्या मैदानावर जाऊन बसली, असे म्हणायला इथे पुरेसा आधार आहे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपल्याकडे महाराष्ट्र हे एकच राज्य रणजी करंडकात तीन संघ उतरवते : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मध्य प्रांत आणि वऱ्हाड ही प्रशासकीय जोडी इतिहासजमा झाली, १९५६ आणि १९६० साली नकाशे बदलले, पण क्रिकेटच्या दप्तरात विदर्भ स्वतंत्रच राहिला. त्याने २०१७-१८मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा नागपुरात उसळलेला आनंद केवळ क्रिकेटचा नव्हता. सरकारने न दिलेली ओळख खेळ कधी कधी जपून ठेवतो.

न्यूझीलंडमध्ये ही ओळख एका वस्तूत साठली आहे. तिचे नाव रॅनफर्ली शील्ड. लॉर्ड रॅनफर्ली हे तेव्हाचे गव्हर्नर. त्यांनी दिलेली ढाल १९०२मध्ये ऑकलंडला, त्या हंगामातल्या उत्तम कामगिरीबद्दल, न खेळताच मिळाली. ढालीवरच्या चित्रात म्हणे आधी फुटबॉलचा सामना होता. रग्बीवाल्यांनी तो बदलून घेतला. लोक प्रेमाने तिला ‘ओंडका’ म्हणतात.

या ढालीचा नियम लीगपेक्षा कुस्तीच्या आखाड्याला जवळचा आहे. ती ज्याच्याकडे असेल त्याने स्वतःच्या घरच्या मैदानावर आव्हान स्वीकारायचे. आव्हानवीर जिंकला तर ढाल त्याच संध्याकाळी त्याच्या गावी जाते. सामना बरोबरीत सुटला तर ढाल धारकाकडेच राहते. गुणतक्ता नाही, अंतिम सामना नाही. १९०४मध्ये पहिल्याच आव्हानात वेलिंग्टनने ऑकलंडला ६–३ असे हरवून ती नेली. या नियमामुळे छोट्या प्रांताला एक गोष्ट मिळते, जी लीगमध्ये मिळत नाही. वर्षभर सगळ्यांपेक्षा चांगले असण्याची गरज नाही, एका दुपारी चांगले असले की पुरे. १९७३मध्ये मार्लबरोसारख्या लहान संघाने क्राइस्टचर्चला जाऊन बलाढ्य कँटरबरीला १३–६ने हरवले, ते याच न्यायाने.

ढालीची कथा मात्र नुसती गोड नाही. १९२२ ते १९२७ या काळात हॉक्स बेने चोवीस आव्हाने परतवली. मॉरिस ब्राउनली आणि जॉर्ज नेपिया ही त्या संघातली मोठी नावे. १९२७मध्ये वैरारापाने ढाल हिसकावली आणि काही आठवड्यांत मास्टरटन गावी परतीचा सामना झाला. ‘सॉलवेची लढाई’ म्हणून तो ओळखला जातो. ब्राउनली आणि प्रतिपक्षाचा क्वेंटिन डोनल्ड या दोघांना मैदानाबाहेर काढावे लागले. हॉक्स बे २१–१० असा जिंकला, पण ढाल त्याला मिळाली नाही. त्यांच्या वॉटी बार्कले या खेळाडूने निवासाची अट पूर्ण केली नव्हती, अशी तक्रार झाली आणि ती मान्य झाली. प्रांताचा माणूस कोण, हा प्रश्न तेव्हाही कागदावर सोडवावा लागत होता.

नेपियाची गोष्ट याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. १९२४-२५च्या अपराजित दौऱ्यात एकोणीस वर्षांच्या या माओरी तरुणाने राष्ट्रीय संघाचे बत्तीसच्या बत्तीस सामने खेळले. १९२८मध्ये संघ दक्षिण आफ्रिकेला निघाला तेव्हा मात्र माओरी म्हणून त्याला घरी ठेवले गेले. प्रांताने आपला मानलेला माणूस राष्ट्राने वंशाच्या कारणावरून वगळला. याचे हिशेब पुढे प्रांतिक मैदानांवरच चुकते झाले. १९८१मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडमध्ये आला. २२ जुलैला गिझबर्न येथे पॉव्हर्टी बेविरुद्ध पहिला सामना झाला. २५ जुलैला हॅमिल्टनमध्ये वायकाटोविरुद्धच्या सामन्यापूर्वी काही शे निदर्शक कुंपण तोडून मैदानाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले आणि सामना रद्द झाला. चिडलेल्या प्रेक्षकांनी निदर्शकांवर बाटल्या फेकल्या. त्या दिवशी घराघरांत भांडणे झाली, ती आजही जुनी माणसे हळू आवाजात सांगतात.

प्रांतांची रीतसर राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली १९७६मध्ये, प्रांत रद्द झाल्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा. पहिले विजेतेपद बे ऑफ प्लेंटीला मिळाले. १९७९मध्ये कौंटीजने ते जिंकले आणि पुकेकोहेचे नाव देशभर झाले. त्यानंतर ऑकलंडचा काळ आला. १९८५मध्ये त्याने कँटरबरीकडून ढाल घेतली आणि १९९३पर्यंत एकसष्ट आव्हाने परतवली. मुंबईने १९५८-५९पासून सलग पंधरा वेळा रणजी जिंकली, तेव्हा बाकीच्या देशाला काय वाटत असेल याची कल्पना या आकड्यावरून येते. वायकाटोने ती मालिका १७–६ने तोडली.

पण पुढचा धक्का मैदानाबाहेरून बसला. १९९५मध्ये रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झाली. १९९६पासून दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियासह नवी स्पर्धा आली आणि तिच्यासाठी सत्तावीस प्रांत पाच संघांत कोंबले गेले. पैसा, दूरदर्शनचे प्रक्षेपण आणि नामवंत खेळाडू तिकडे गेले. पूर्वी राष्ट्रीय संघाचा कर्णधारही शनिवारी आपल्या प्रांतासाठी चिखलात उतरायचा. आता तो त्या वेळी परदेश दौऱ्यावर किंवा विश्रांतीवर असतो. २००६मध्ये स्पर्धेचे दोन तुकडे झाले. मोठे चौदा प्रांत वर राहिले. बुलर, वेस्ट कोस्ट, किंग कंट्री, ईस्ट कोस्ट यांसारख्या बारा लहान प्रांतांसाठी ‘हार्टलँड’ ही वेगळी हौशी स्पर्धा निघाली. तिथे सुतार, शेतकरी, शिक्षक दिवसाचे काम आटोपून सरावाला येतात.

मोठ्या प्रांतांचेही बरे चालले नव्हते. १८८१पासूनचा ओटागो प्रांत २०१२च्या सुरुवातीला दिवाळखोरीच्या दारात उभा होता. कॅरिसब्रुक हे जुने मैदान आधीच विकून झाले होते. डुनेडिनमध्ये छताचे नवे स्टेडियम २०११मध्ये उभे राहिले, पण संघटनेची तिजोरी रिकामी होती. महापालिका आणि राष्ट्रीय संघटना यांच्याशी तडजोड होऊन ती कशीबशी वाचली.

या पार्श्वभूमीवर २०१३चा हंगाम आला. २३ ऑगस्टला, शुक्रवारी रात्री, ओटागोने हॅमिल्टनला जाऊन वायकाटोला २६–१९ असे हरवले. ओटागोच्या हाती ढाल आली ती १९५७नंतर पहिल्यांदाच, छप्पन्न वर्षांनी. वर्षभरापूर्वी ज्याला टाळे लागणार होते, त्या संघाने ती आणली. हा आनंद नऊ दिवस टिकला. १ सप्टेंबरला हॉक्स बेने डुनेडिनमध्ये २०–१९ अशा एका गुणाने ती नेली. हॉक्स बेकडे ढाल नव्हती ती १९६९पासून, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे. नेपियरचा जल्लोष सहा दिवस चालला. मग आमचा कौंटीज मनुकाऊ तिथे गेला. माजी राष्ट्रीय कर्णधार ताना उमागा आमचा प्रशिक्षक होता. आदल्या वर्षी आम्ही खालच्या गटातून वर आलो होतो. १९५५मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने ढाल एकदाही जिंकलेली नव्हती. जोना लोमूसारखा खेळाडू इथून पुढे आला, तरीही नाही. आम्ही २७–२४ असे जिंकलो.

अडतीस वर्षांची मुंबईकर सवय असलेला मी घरातल्या दूरदर्शनसमोर शेवटची दहा मिनिटे उभाच होतो. त्यानंतरच्या घरच्या सामन्याला पुकेकोहेत गेलो तेव्हा गावातल्या दुकानांच्या काचांवर लाल-पांढरे-काळे पट्टे लागले होते. मैदानाबाहेर मुले ढालीसोबत फोटो काढायला रांगेत उभी होती. टोंगन आणि सामोअन कुटुंबे, माओरी आजोबा, गोरे शेतकरी आणि पगडीतले एक पंजाबी गृहस्थ, सगळे एकाच रांगेत. माझ्या शेजारी बसलेले गुजराती काका पुकेकोहेत जन्मलेले होते, भाजीपाल्याची शेती करणारे. मला म्हणाले, “भाई, आमच्या दादांच्या वेळी हे चित्र नव्हते.”

ते खरे होते. विसाव्या शतकाच्या विशीत याच पुकेकोहेत ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ नावाची संघटना निघाली. चिनी आणि भारतीय शेतमजुरांना जमीन मिळू नये, हा तिचा उघड हेतू होता. त्याच काळात, १९२६मध्ये, भारतीयांनी आपली मध्यवर्ती संघटना उभी केली. त्यानंतरही कित्येक वर्षे गावातल्या सिनेमागृहात आणि न्हाव्याच्या दुकानांत माओरींना वेगळी वागणूक मिळत असे. आज गावात भारतीय समाजाचा नेहरू हॉल आहे आणि त्याच समाजाची तिसरी-चौथी पिढी मैदानावर कौंटीजच्या नावाने ओरडते. रग्बीने हा भेद मिटवला असे मी म्हणणार नाही. जॉर्ज नेपिया आणि १९८१ डोळ्यांसमोर असताना तसे म्हणता येत नाही. पण ज्या गावाने एकेकाळी कोण आपला नाही याची यादी केली, त्याच गावाने त्या दुपारी कोण आपला हे विचारायचे सोडून दिले होते, एवढे मी पाहिले.

तो हंगाम कँटरबरीने जिंकला, ओळीने सहाव्यांदा. आमचा संघ गुणतक्त्यात कुठे होता हे पुकेकोहेत फारसे कुणाच्या लक्षात नाही. ढाल मात्र त्या वर्षअखेरीस आमच्याकडे होती, हे सगळ्यांना आठवते. पाठीराख्याच्या स्मरणशक्तीचा हा स्वभावच आहे. ती तक्ते विसरते, दुपार लक्षात ठेवते.

आज प्रांतिक रग्बीपुढचा प्रश्न पैशाचा आहे. स्टेडियम अर्धे रिकामे असतात. स्पर्धेची रचना दर काही वर्षांनी बदलते. छोट्या संघटना टिकवायच्या की एकत्र करायच्या, ही चर्चा राष्ट्रीय संघटनेत पुन्हा पुन्हा येते. १८७०च्या दशकात प्रांत रद्द करणाऱ्यांचेही मुद्दे हेच होते : खर्च फार, लोकवस्ती थोडी, कारभार एका ठिकाणी हवा. ते मुद्दे तेव्हा चुकीचे नव्हते आणि आजही नाहीत. पण तेव्हा सरकार गेले तरी लोकांकडे खेळ उरला होता. खेळही गेला तर बुलर किंवा ईस्ट कोस्ट ही नावे कुठे जाऊन राहतील, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडत नाही.

२०२३मध्ये हॉक्स बेने वेलिंग्टनकडून पुन्हा ढाल जिंकली आणि विजयाच्या धामधुमीत ती मोडून तिचे दोन तुकडे झाले. देशभर गहजब झाला, मग ती दुरुस्त होऊन पुन्हा फिरू लागली. शंभर वर्षांहून जुन्या त्या ओंडक्याला जोडणारे सुतार अजून मिळतात. प्रांतांना जोडून ठेवायला दर शनिवारी मैदानावर येणारी माणसे लागतात. ती येत राहतील तोवर १८७६चा तो कायदा अर्धाच अमलात आला आहे, असे समजायला हरकत नाही.