रोग्याच्या उशाशी धर्म : जुन्या गोव्यातले वैद्य आणि ‘कुमसार’

डॉक्टरने रोग्याकडे देवाधर्माचा विषय काढावा की नाही, हा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. जुन्या काळी कॅथलिक जगात मात्र तो डॉक्टरच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवलं होतं की वैद्याने रोग्याला आधी पाद्रीला बोलवायला सांगावं, औषध मग. १५६६ मध्ये पोप पाचवे पायस यांनी हा नियम आणखी आवळला. रोग्याने कुमसार, म्हणजे पापांची कबुली, दिल्याचा लेखी दाखला मिळाला नाही, तर वैद्याने तिसऱ्या दिवसानंतर त्याच्याकडे जाऊ नये, असा त्याचा आशय.

आता हा काळ गोव्यात काय होता ते बघा. इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालेलं. तिसवाडी, बार्देश, साष्टीत धर्मांतराची लाट आलेली. पण ताप, हगवण, पटकी यांनी पोर्तुगीज पटापट मरत होते आणि इथल्या रोगांची जाण होती ती इथल्या हिंदू वैद्यांना. त्यांना ‘पंडित’ म्हणत. हा पंडित रोग्याला कुमसार घ्यायला कसा सांगणार? उलट तोच एखादा मंत्र, एखादा नवस सुचवील, ही चर्चची धास्ती. म्हणून १५६७ च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना हिंदू वैद्य, सुईणी आणि न्हावी बोलवायला बंदी केली. जन्म आणि मरण या दोन्ही वेळी माणूस हळवा असतो, आणि नेमक्या त्या वेळी जवळ कोण असतं हे धर्मपरिषदेला पक्कं ठाऊक होतं.

बंदी कागदावर राहिली. आर्चबिशपच्या पदरी चाकरीला असलेला डच माणूस लिन्शोटेन १५८३ मध्ये गोव्यात आला. तो लिहितो की व्हाइसरॉय, खुद्द आर्चबिशप आणि मठातले साधूसुद्धा आपल्या देशी वैद्यांपेक्षा या पंडितांवर जास्त भरवसा ठेवतात. पंडितांना रस्त्याने डोक्यावर छत्री धरवून जाण्याचा मानही होता, जो इतर हिंदूंपैकी वकील किंवा बड्या व्यापाऱ्यांनाच मिळे. १६१८ मध्ये नगरसभेने बंदीऐवजी परवान्याची वाट धरली : परीक्षा द्यावी, आणि असे हिंदू वैद्य ३० हून जास्त नसावेत.

दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या वनौषधींच्या ग्रंथात मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचाही उल्लेख येतो. ऑर्ता जबरदस्तीने बाटवलेल्या ज्यू घराण्यातला. १५६८ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आलं. तिच्या जबानीत भावाचंही नाव आलं होतं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. ज्या व्यवस्थेने वैद्याला रोग्याच्या श्रद्धेचा पहारेकरी नेमलं, त्याच व्यवस्थेत गोव्याचा सगळ्यात नामांकित वैद्य स्वतःची श्रद्धा लपवून जगला.

इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय शाळा निघाली.

या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. धर्माची विचारपूस वाईट नव्हे. मरणाच्या दारातल्या माणसाला पाद्री हवा असेल, भटजी हवा असेल, तर ते विचारणं माणुसकीचंच आहे. पण विचारण्यामागे औषध बंद होण्याची धमकी आली की ती विचारपूस राहत नाही, झडती होते. आर्चबिशपनेही आपली नाडी पंडिताच्या हातात दिली, ती त्याचा धर्म न बघता. आजारी माणूस आधी बरं करणारा हात शोधतो, हे गोव्याने कायदा मोडून दाखवलं.