निर्मितरूपाचा ‘मी’ कोणाचा?

शिवनेरीवरील एका ब्राह्मी लेखात जुन्नर नगरातील धम्मुत्तरीय भिक्षुणींच्या उपाश्रयासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. हा निकाय वज्जिपुत्तकांतून निघाला, असे सिंहली वंसग्रंथ सांगतात. वज्जिपुत्तक पुद्गलवादी होते. कर्म करणारा ‘मी’ कोण, हा त्यांच्या वादाचा गाभा.

तोच प्रश्न मनोनिर्मित रूपाविषयीही उद्भवतो. तिबेटी परंपरेतील ‘तुल्पा’ तो हाच. आपण निर्मिलेले असे रूप ताब्याबाहेर गेल्याचे अलेक्झांड्रा डेव्हिड-नील यांनी १९२९ च्या ग्रंथात लिहिले आणि तुल्पा स्वतंत्र असतो, या समजुतीला पश्चिमेत बळ मिळाले.

पाली अट्ठकथा वेगळे सांगते. जीवकाच्या आम्रवनात चुल्लपंथक स्थविरांनी ऋद्धीने सहस्र भिक्षू निर्मिले. कोणी चीवर शिवीत होते, कोणी रंगवीत होते. बोलावणे येताच सहस्र मुखांतून ‘मी चुल्लपंथक’ असा उद्गार निघाला. जो प्रथम बोलेल त्याचा हात धरावा, असे भगवंतांनी सांगितले. हात धरताच इतर सारे लोपले.

‘मी’ म्हणणे हा स्वतःची जाणीव असल्याचा पुरावा नव्हे, असा बोध आम्ही यातून घेतो. जनवसभसुत्तातील ब्रह्म्याची रूपेही एक बोलला की सारी बोलतात, एक थांबला की सारी थांबतात.

मग निर्मात्याचा ‘मी’ तरी स्वयंभू आहे काय? नाही, तोही प्रतीत्यसमुत्पन्नच. परंतु चेतना त्याची आहे, आणि चेतनेलाच भगवंतांनी कम्म म्हटले आहे. जुन्नरला यवन चिटाने संघास भोजनमंडप दिला, तो ऋद्धीने नव्हे. खडक माणसांच्या हातांनी फोडला गेला. त्या कर्माचे उत्तरदायित्वही माणसांचेच.